लाज, शब्द आणि जीव

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या तिगावात खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळायचे, ऊन पाण्याने शेकायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्यांना द्यायचे, अशी ही रीत. आता गावात ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. पण ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत ते हा दिवस चुकवत नाहीत. लहानपणी त्या संध्याकाळी माझे वडील बैलाच्या अंगावरून हात फिरवीत असत. खांदा, पोट, मांड्यांची आतली बाजू, खूर, शेपटीचे मूळ, असा तो हात फिरत जाई आणि त्याखालून एक गाठ, एक गोचीड सुटत नसे. मी विचारले होते, एवढे काय पाहता? ते म्हणाले, "मुक्या जनावराले सांगता येत नाही बापा, म्हणून आपण पाहाचं."

मुक्या जनावराचे ठीक आहे. पण ज्याला वाचा आहे आणि तरी जो सांगत नाही, त्याचे काय? आणि त्याने फक्त मला सांगितले असेल, तर माझे काय? या प्रश्नाने गेली जवळजवळ पन्नास वर्षे माझी पाठ सोडलेली नाही. आज तो वाचकांपुढे मांडावा असे वाटते. विषय थोडा संकोचाचा आहे. घरात मोठ्याने वाचण्यासारखा नाही, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, तो घरात मोठ्याने वाचला गेला नाही, म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

माझा एक चुलतभाऊ होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणे. १९७६ च्या मे महिन्यात संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर आम्ही दोघे आंघोळीला गेलो होतो. आंघोळ झाल्यावर कपडे पिळता पिळता, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "खाली एका बाजूले गोटा झाला हाय. दुखत नाही, पण कडक हाय. होळीपासून हाय." मी म्हणालो, डॉक्टरला दाखव. तो हसला. "येडा हाय का? दवाखान्यात पाय ठेवला का नस कापून सोडतीन. अन् दिवाळीनंतर लग्नाचं बोलणं हाय. कोणाले सांगू नको. तुले आईची आण हाय." मी म्हणालो, "नाही सांगत."

दादाची भीती अगदीच खुळी नव्हती. ते आणीबाणीचे वर्ष होते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. कोटा पुरा करण्यासाठी कोणाला धरून नेले, कोणाला फसवून नेले, याच्या खऱ्याखोट्या कहाण्या गावोगाव पसरल्या होत्या. कमरेखालची तक्रार घेऊन सरकारी दवाखान्यात जाणे म्हणजे स्वतःच्या पायांनी जाळ्यात शिरणे, असे त्या वेळच्या पोरांना वाटे.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा पांढुर्ण्याच्या गोटमारीत उतरला. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, त्यावर झेंडा लावायचा आणि तो मिळविण्यासाठी एका काठावरून पांढुर्णावाल्यांनी व दुसऱ्या काठावरून सावरगाववाल्यांनी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करायचा, ही आमच्या मुलखाची प्रसिद्ध जत्रा. दादाच्या कपाळावर दगड बसला. भुवईच्या वर चांगली खोक पडली. ती जखम त्याने पंधरा दिवस गावभर मिरवली. पट्टी सोडून दाखवी, कसा लागला ते सांगे. बायाबापड्या हळहळत, पोरे कौतुकाने पाहत. वरच्या जखमेला साक्षीदार सारे गाव. खालच्या गाठीला साक्षीदार मी एकटा. ती आता लिंबाएवढी झाली होती. मी एकदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पाणी उतरलं असन."

मार्गशीर्षात त्याची पाठ दुखू लागली. पुढे पोटात गोळा लागू लागला. मग खोकला सुरू झाला आणि श्वास लागू लागला. नागपूरला नेले तोवर उशीर झाला होता. १९७७ च्या फेब्रुवारीत तो गेला. वय बावीस.

तेराव्या दिवशी मोठ्या आईने मला जवळ बसवून विचारले, "तुमी दोघं एका ताटात जेवले. तुले काही बोलला होता का रे?" मी म्हणालो, "नाही."

शब्द पाळला होता. पण त्या "नाही"ने मी आणखी एक गोष्ट केली : खोटे बोललो. मोठी आई पुढे पुष्कळ वर्षे जगली. तिला खरे सांगण्याचे धाडस मला अखेरपर्यंत झाले नाही.

*

दादाच्या आजाराचा एकही कागद आज आमच्या घरी नाही. पण पुढे जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले, त्यावरून तो वृषणाचा कर्करोग असावा याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरलेली नाही. इतर कर्करोग बहुधा उतारवयात गाठतात. हा मात्र ऐन उमेदीतल्यांना, पंधरा ते चाळीस या वयातल्यांना गाठतो. आपल्याकडे तो विरळा आहे. भारतात लाख पुरुषांमागे वर्षाला एकाहूनही कमी जणांना होतो. नॉर्वे, डेन्मार्कसारख्या देशांत हेच प्रमाण दहाच्या आसपास आहे. २०२० साली साऱ्या जगात सुमारे चौऱ्याहत्तर हजार पुरुषांना हा रोग झाल्याचा आणि नऊ हजारांच्या वर दगावल्याचा अंदाज आहे. या दोन आकड्यांतच खरी गोष्ट दडलेली आहे : ज्यांना होतो त्यांतले बहुतेक वाचतात. गाठ वृषणापुरती असताना उपचार झाले तर शंभरात पंचाण्णवांहून अधिक बरे होतात. कर्करोगात असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मग दादाची पाठ का दुखली? वृषण मुळात पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतो आणि जन्माच्या आधी हळूहळू खाली उतरतो. तो खाली येतो, पण त्याच्या रसवाहिन्या जुन्या घराशी नाते तोडत नाहीत. त्या पाठीच्या कण्याजवळच्या गाठींकडेच जातात. रोगही त्याच वाटेने वर चढतो. म्हणून पाठ, मग पोट, मग फुप्फुस. याच कारणाने जाणते सर्जन पिशवीला छेद देत नाहीत, सुईने तुकडाही काढत नाहीत. जांघेतून शस्त्रक्रिया करून अख्खा वृषण बाहेर काढतात. रोगाला नवी वाट फुटू नये, हा हेतू. एक काढला तरी दुसरा निरोगी असेल तर बहुधा दाढी-मिशी, आवाज, संसार, बापपण, काहीही अडत नाही. हे एक वाक्य दादाला कोणी सांगितले असते तर!

आता मला सर्वांत छळणारा हिशेब. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू दुभंगायचे थांबले आणि लांब दोऱ्यांसारखे वाढू लागले. शोध घेता कळले की करामत विजेची नाही, तारेतल्या प्लॅटिनमपासून बनलेल्या संयुगाची आहे. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध निघाले. १९७४ मध्ये इंडियानापोलिस येथे लॉरेन्स आईनहॉर्न या डॉक्टरांनी ते इतर दोन औषधांसोबत जॉन क्लीलँड या तरुणाला दिले. त्याचा रोग फुप्फुसात पसरलेला होता. तो बरा झाला. पसरलेल्या रोगातून पूर्वी शंभरात दहाएक वाचत. पुढे ऐंशीच्या घरात वाचू लागले. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने त्या औषधाला मान्यता दिली.

म्हणजे दादा विहिरीवर माझ्याशी बोलला तेव्हा जगाच्या एका कोपऱ्यात त्याच्यासारखी पोरे बरी होत होती. ते औषध तिगावला येणार नव्हते, हे खरे. पण मे महिन्यात गाठ होती फक्त वृषणात. तेवढ्यापुरती शस्त्रक्रिया त्या काळी नागपुरात होऊ शकत होती. लागलेच तर मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे होते. तो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. त्याला वाचण्याची संधी होती आणि ती माझ्या जिभेवर होती, एवढेच म्हणतो.

*

दिलेला शब्द मोडावा का? आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला धर्मराज अर्जुनाला रागाने म्हणतो की, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा! तो भावावर तलवार उपसतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा सत्यव्रती ब्राह्मण. दरोडेखोरांना भिऊन काही माणसे रानात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला वाट विचारली, त्याने खरी सांगितली. माणसे मारली गेली आणि कौशिक सत्य बोलूनही नरकात गेला. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ मध्ये याच्या नेमके उलट मत मांडले : खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी खोटे बोलणे गैरच. दोघांनी जवळजवळ एकच प्रसंग घेतला आणि दोन टोकांना गेले.

मला मात्र कौशिकापेक्षा पुढचा भाग अधिक शिकवून जातो. कृष्ण अर्जुनाला नुसते "प्रतिज्ञा मोड" असे म्हणत नाही. तो वाट काढतो. वडीलधाऱ्याला "तू" म्हणून अपमानणे हा त्याचा वधच. तेव्हा धर्मराजाला "तू" म्हण, प्रतिज्ञा पुरी होईल आणि भाऊही जगेल. शब्द आणि जीव यांच्यामधली वाट शोधणे हे शहाण्याचे काम आहे. मी ती शोधलीच नाही. सांगणे म्हणजे गावभर सांगणे आणि न सांगणे म्हणजे मरेपर्यंत गप्प बसणे, एवढ्या दोनच गोष्टी मला दिसल्या.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. दादा अजाण नव्हता. शरीर त्याचे, गुपित त्याचे. आपल्या देहाचे काय करायचे हे ठरविण्याचा त्याचा हक्क मी कोणत्या अधिकाराने हिरावून घ्यावा? "तुझ्या भल्यासाठी" असे म्हणून जगात पुष्कळ जुलूम झाले आहेत. आणीबाणीतली नसबंदीदेखील लोकांच्या भल्यासाठीच होती! शिवाय, "त्याच्या शब्दांचा खरा अर्थ वेगळा होता" असे म्हणायची मुभा प्रत्येकाने घेतली, तर कोणाच्याच विश्वासाला किंमत राहणार नाही.

यावर पुष्कळ विचार करून मी जिथे पोचलो ते सांगतो. दादाने मरण निवडले नव्हते. त्याला ठाऊकच नव्हते की तो काही निवडतो आहे. "कोणाले सांगू नको" याचा अर्थ "मला मरू दे" असा नव्हता. "मला कोणाच्या नजरेतून उतरवू नको" असा होता. त्याची अब्रू राखणे हा माझा शब्द होता, त्याची गाठ राखणे हा नव्हे. तरीही शब्द मोडणाऱ्याने स्वतःला तीन कुंपणे घालावीत. एक, खरोखर जीवावरची गोष्ट असावी. केवळ आपल्याला पटत नाही म्हणून नव्हे. दोन, आधी त्यालाच पुन्हा पुन्हा सांगावे आणि अखेर "आता मी सांगणार" हेही त्याच्या तोंडावर सांगावे, पाठीमागून नव्हे. तीन, फक्त त्यालाच सांगावे जो काही करू शकतो, आणि तेवढेच सांगावे जेवढे त्याला लागते. या तीन कुंपणांच्या आत शब्द मोडला तरी विश्वास मोडत नाही, असे मला वाटते.

आणि आता जे लिहायला सर्वांत जड जाते ते. मी गप्प राहिलो ते शब्दाखातर नव्हे. मलाही लाज वाटत होती. मोठ्या बाबांपुढे उभे राहून, दादाला अमुक ठिकाणी गाठ आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? ते बोलण्याची सोय माझ्याजवळ नव्हती. दिलेला शब्द मला आयता आडोसा मिळाला. पुढे कितीतरी वर्षे मी स्वतःला वचनाचा पक्का समजत होतो. होतो मात्र नुसता लाजरा.

*

ही लाज येते कोठून? मला तर ती भाषेतही दिसते. आपण दोन भाषांत वाढलेली माणसे. घरात मराठी, कचेरीत हिंदी. दोन्ही भाषांत या अवयवाला एक पोथीतले नाव आहे आणि एक शिवीतले. घरात वापरायचे नाव नाही. बैलाच्या बाबतीत आपल्याला शब्द सापडतो. शिवी देताना पारावर दिवसभर सापडतो. दुखणे सांगताना मात्र "खाली" यापलीकडे जीभ वळत नाही. ज्या गोष्टीला सभ्य नाव नाही ती गोष्ट डॉक्टरपुढे कशी मांडणार? म्हणून मी या लेखात मुद्दाम "वृषण" हा शब्द वापरतो आहे. दोन-चारदा उच्चारला की तो गुडघा-कोपरासारखाच वाटू लागतो.

हे काम मराठीत फार पूर्वी एकाने अंगावर घेतले होते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत "समाजस्वास्थ्य" मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. शरीराबद्दल, लैंगिक आरोग्याबद्दल वाचक प्रश्न विचारीत आणि ते सरळ भाषेत उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही कर्व्यांना दंड झालाच. मुद्दा तोच होता : माणसाने आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारणे ही विकृती की गरज? नव्वद वर्षे उलटून गेली. आपण कर्व्यांना थोर म्हणतो, पण घरात अजून तो दंड वसूल करतो.

दुसरे कारण मर्दपणाची आपली कल्पना. दगड झेलतो तो मर्द. दवाखान्यात रांगेत बसतो तो कच्चा. गोटमारीबद्दल मला इथे भांडायचे नाही. पण मरणाला न भिणारा आमचा तरुण हसण्याला किती भितो, हे मी पाहिले आहे. हे आपल्याकडेच आहे असेही नाही. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९६ मध्ये सूज अंगावर काढली आणि खोकल्यातून रक्त पडू लागल्यावर डॉक्टर गाठला. तोवर रोग फुप्फुसात आणि मेंदूत गेला होता. तरी तो बरा झाला. त्याच्या पुढच्या शर्यतींतल्या विजयांमागे उत्तेजक औषधे होती हे उघड होऊन २०१२ मध्ये ती विजेतेपदे गेली, ती गोष्ट वेगळी. आपल्या युवराजसिंगचेही पाहा. २०११ च्या विश्वचषकात तो खोकत, उलट्या करीत खेळला, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग कळले की छातीत गाठ आहे. ती याच रोगाची चुलत बहीण. गर्भात बीजपेशी मध्यरेषेने प्रवास करतात, त्यांतल्या काही वाटेत मागे राहिल्या तर अशी गाठ छातीतही होऊ शकते. त्याच्यावरच्या उपचारांतही त्याच इंडियानापोलिसच्या आईनहॉर्न डॉक्टरांचा हात होता आणि तो २०१२ मध्येच पुन्हा मैदानात उतरला. त्याने आपला आजार साऱ्या देशाला सांगितला. मला त्याच्या षटकारांहून ती गोष्ट मोठी वाटते.

तिसरे कारण खास आपल्या बाजूचे. विदर्भात हत्तीरोगाचा उपद्रव जुना आणि त्यामुळे अंडवृद्धीचे रुग्ण पुष्कळ. पुरुष ती वर्षानुवर्षे धोतराआड वागवतात. म्हणून सूज दिसली की "पाणी उतरलं" म्हणून सोडून द्यायची सवय झाली. पाण्याची सूज मऊ, बॅटरीचा उजेड आरपार दिसणारी. ही गाठ कडक, जड आणि बहुधा न दुखणारी. पण हा निवाडा घरी करायचा नसतो. तो सोनोग्राफी करते, अर्ध्या तासात.

*

२०१८ च्या दिवाळीत माझा पुतण्या नागपूरहून घरी आला होता. वय सव्वीस. भाऊबीजेच्या रात्री अंगणात माझ्या खाटेशी येऊन बसला. "मोठे बाबा, एक बोलायचं होतं. पण बाबांना सांगू नका." काय बोलायचे होते ते मला त्याच्या मान खाली घालण्यावरूनच कळले. बेचाळीस वर्षांपूर्वीची विहीर डोळ्यांपुढे आली. मी म्हणालो, "शब्द देत नाही. आधी माझं ऐक." आणि दादाची गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. मग म्हणालो, "उद्याच्या गाडीनं मी तुझ्यासंगं नागपूरला येतो. गाडीत बसाच्या आधी तू बापाले सांग. तू नाही सांगितलं तर मी सांगीन, तुह्या समोर सांगीन. गावात कोणाले कळणार नाही, हे माझ्याकडं लागलं."

त्याने सांगितले. माझा भाऊ एक शब्द बोलला नाही. घरात जाऊन पैसे घेऊन आला.

सोनोग्राफी झाली, रक्तातल्या तीन खुणांची तपासणी झाली, आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. त्याआधी डॉक्टरांनी विचारले की औषधांनी बीज कमी होऊ शकते, तेव्हा ते आधी साठवून ठेवायचे का? माझा भाऊ फरशीकडे पाहत बसला. पोरगाही. मी म्हणालो, "हो, ठेवायचं." इतके साधे वाक्य! १९७६ मध्ये एवढेच साधे एखादे वाक्य पुरले असते. पुढे औषधांच्या तीन फेऱ्या झाल्या. केस गेले, परत आले. आज तो बरा आहे आणि तपासणीला नियमाने जातो.

पण प्रश्न संपला नव्हता. स्थळे येऊ लागली. घरात ठरले की हर्नियाचे ऑपरेशन झाले असे सांगायचे. पुतण्याने मला विचारले. मी म्हणालो, तुझे गुपित गावाला सांगायला तू बांधलेला नाहीस. पण जिला तुझ्याबरोबर आयुष्य काढायचे आहे तिला सांगायला बांधलेला आहेस. मुलीचा रंग, उंची, शिक्षण, जन्मवेळ आपण खोदून खोदून विचारतो. मग तिला हा एक प्रश्न विचारण्याची संधीही द्यायची नाही? पहिल्या गुपितात तो स्वतःचाच जीव धोक्यात घालीत होता. या दुसऱ्यात दुसऱ्याचा निर्णय त्याच्या नकळत आपण घेणार होतो. मला दुसरे अधिक वाईट वाटते.

त्याने सांगितले. सोयरीक मोडली. माझी भावजय बरेच दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती. "तुमच्या खरेपणाची किंमत माह्या लेकानं का द्याची?" असे ती एकदा म्हणाली. तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. खरेपणा फुकट मिळतो असे मी कोणाला सांगणार नाही. पुढे त्याचे लग्न झाले की नाही, हे मी इथे लिहीत नाही. जेवढे लिहिले तेवढे त्याला वाचून दाखवून, त्याच्या परवानगीने लिहिले आहे. बाकीचे त्याचे.

*

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. बाळाचे दोन्ही वृषण खाली उतरले आहेत ना, हे आईने, आजीने पाहावे. सहा महिन्यांपर्यंत उतरले नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे आणि दीड वर्षाच्या आत उपचार करून घ्यावा. न उतरलेल्या वृषणात पुढे या रोगाचा धोका वाढतो. पोराला तिथे अचानक असह्य कळ आली तर ती लपवू देऊ नये. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि सहाएक तासांत सोडवला नाही तर तो कायमचा जातो. मोठ्या मुलांना सांगावे की आंघोळीच्या वेळी आपले शरीर आपल्या हाताला ओळखीचे असू द्या. एक थोडा खाली असतो, मागच्या बाजूला दोरीसारखे लागते, हे सारे नैसर्गिकच. नवा कडकपणा, नवी गाठ, जडपणा आढळला तर त्याच आठवड्यात दाखवा. दर महिन्याला भीत भीत तपासत बसा, असे मी सांगत नाही. निरोगी माणसांनी तसे करावे की नाही याबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही आणि रोग विरळा आहे. भीती नको. ओळख हवी.

यंदाच्या खांदशेकणीला शेजारच्या गोठ्यात गेलो होतो. दहावी-बारावीतली चार पोरे बैल धरून उभी होती. म्हातारा मालक बैलाच्या मांडीवरून हात फिरवीत होता. मी पोरांना वडिलांचे ते वाक्य सांगितले आणि मग विचारले, "अन् तुमाले तर सांगता येते ना?" पोरे आधी हसली. मी थांबलो. हसून झाल्यावर त्यांना दादाची गोष्ट सांगितली, सगळी, विहिरीपासून. मालकाने हात थांबवला नाही, पण तो ऐकत होता. निघताना त्यांतला एक पोरगा माझ्यामागे कोपऱ्यापर्यंत आला. काय विचारले ते इथे सांगायचे कारण नाही. पण त्याने विचारले.

मोठी आई आता नाही. तिने तेराव्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे राहून गेले. ते इथे देतो. हो मोठी आई, मला मालूम होतं.